विलेपार्ल्याचे दोन विमानतळ आणि विद्येचे बिनपगारी दूत

१. विषय व त्याची मर्यादा

जुन्या कागदांच्या शोधांत आयुष्य घालविणाऱ्या मंडळींपुढें विमानतळाचा विषय मांडावयाचा म्हणजे आरंभीं थोडें स्पष्टीकरण देणें अवश्य आहे. विमानतळास ताम्रपट नाहीं, सनद नाहीं, आणि मोडी अक्षरांचा एकहि रुमाल त्याच्या दप्तरांत निघावयाचा नाहीं. तथापि साधनें पुरेशीं जुनीं होईपर्यंत वाट पाहावी आणि मग तीं गोळा करावीं, हा क्रम किती घातक आहे हें ह्या पत्राच्या वाचकांस सांगावयास नको. वाण्याच्या दुकानीं पुड्या बांधण्यास गेलेल्या बाडांची हळहळ आपल्यांतील प्रत्येकानें केव्हां ना केव्हां केलेली आहे. जुहूचें मैदान १९२८ सालीं विमानांस खुलें झालें. त्यास आतां शतक पुरें होत आलें. ज्यांनीं तें उघडतांना पाहिलें तीं माणसें गेलीं, आणि त्यांच्या वह्या, पत्रें व छायाचित्रें घरोघरच्या माळ्यांवरून खालीं येऊन रद्दींत जाण्याचा हाच काळ आहे.

प्रस्तुत लेखांत विमानांचा सबंध इतिहास सांगण्याचा आमचा उद्देश नाहीं. प्रश्न एवढाच आहे : विमानतळासंबंधींची विद्या, म्हणजे जमीन, वारा, पाऊस, पक्षी, धावपट्टी व खुणा यांचें शोधून काढलेलें ज्ञान, प्रत्यक्ष काम करणाराच्या हातीं कोणीं पोंचविलें? सरकारी हुकूम पोंचविणारा कारकून पगारी असतो. त्याच्या कामाची नोंद जावक बारनिशींत राहते. परंतु विद्या पुष्कळदां अशा माणसांनीं नेलेली आढळते, कीं ज्यांना त्या कामाचें वेतन नव्हतें आणि ज्यांची नोंद ठेवण्याचें कोणाचेंहि कर्तव्य नव्हतें. त्यांना आम्ही ह्या लेखापुरतें ‘बिनपगारी दूत’ असें म्हणतों. पार्ल्याच्या परिसरांत अशा दूतांचें काम कोठें झालें, कोठें झालें नाहीं, आणि न झाल्यामुळें काय सोसावें लागलें, हें क्रमानें पाहावयाचें आहे.

२. स्थलनिर्णय

विलेपार्लें गांव पश्चिम रेल्वेच्या रुळांनीं दुभागलेला आहे. पश्चिमेस, समुद्राच्या बाजूला, जुहूचा विमानतळ. पूर्वेस सांताक्रूझचा, ज्याचें देशांतर्गत प्रवासाचें टर्मिनल पार्लें पूर्वेच्या हद्दीला लागून आहे. एकाच गांवाच्या दोन कुशींस दोन विमानतळ असा हा योग आहे. दोहोंचे मध्यबिंदु घेतले तर अंतर सुमारें दोन मैल भरतें. जुहूची धावपट्टी सुमारें साडेअकराशें मीटर लांब आहे. सांताक्रूझची मुख्य धावपट्टी आज तिच्या जवळजवळ तिप्पट आहे. परंतु दोहोंची दिशा जवळपास एकच, पूर्व-पश्चिम. जमिनीवरून पाहणारास दोन्ही जागा अगदीं निरनिराळ्या वाटतात. आकाशांतून खालीं येणारास त्या एकापुढें एक मांडलेल्या दोन रेघा दिसतात. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें पांचव्या कलमांत तिचें काम पडणार आहे.

सार्वजनिक कामास स्वतःहून उभें राहण्याची वहिवाट ह्या गांवांत विमानांच्या आधींची आहे. पार्ले टिळक विद्यालय १९२१ सालीं निघालें, लोकमान्य सेवा संघ १९२३ सालीं स्थापन झाला, आणि १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहांत जमनालाल बजाज यांच्या पुढारीपणाखालीं मुंबईच्या उपनगरांतील सत्याग्रहाची छावणी पार्ल्यासच पडली होती. एकाच दशकांत, एकाच गांवाच्या टापूंत, एकीकडे मीठ उचलणारे स्वयंसेवक आणि दुसरीकडे विमान उडविणारे हौशी गृहस्थ वावरत होते. दोघांचे मार्ग अगदीं भिन्न. त्यांना एका माळेंत ओंवण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु वेतनावांचून काम अंगावर घेण्याची संवय त्या काळच्या उपनगरी जीवनांत किती मुरलेली होती, हें यावरून दिसून येतें.

३. हौशी वैमानिकांचा क्लब

हिंदुस्थान सरकारनें नागरी विमानांचें स्वतंत्र खातें १९२७ सालीं काढलें. त्याच्या पाठोपाठ कांहीं मोठ्या शहरांत फ्लाइंग क्लब निघाले. मुंबईचा क्लब १९२८ चा. हे क्लब म्हणजे नुसती श्रीमंतांची करमणूक होती असें मानण्याची चाल आहे. क्लबांत पैसेवाले लोक होते हें खरें, पण तेवढ्यावरून त्यांचें कार्य कळत नाहीं. त्या काळीं विमानविद्येची शाळा म्हणण्यासारखी संस्था देशांत जवळजवळ नव्हतीच. ज्यानें वारा कसा वळतो हें एकदां अनुभवलें त्यानें तें दुसऱ्यास सांगावें, ज्याच्या यंत्रानें दगा दिला त्यानें कारण सांगावें, हीच शिक्षणाची पद्धति होती. जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांस १० फेब्रुवारी १९२९ रोजीं वैमानिकाचा परवाना मिळाला. हिंदुस्थानांत दिला गेलेला तो पहिला परवाना होय, व त्यावर आंकडाहि १ असाच होता. हें शिक्षण मुंबईच्या क्लबांतच झालें.

ह्या मंडळींत विद्या व साहित्य एकमेकांस देण्याची रीत कशी होती, याचें एक उदाहरण प्रसिद्ध आहे. इंग्लंड व हिंदुस्थान यांमधील अंतर एकट्यानें तोडणाऱ्या पहिल्या हिंदी मनुष्यास आगाखान यांनीं ५०० पौंडांचें बक्षीस लाविलें होतें. १९३० सालच्या मे महिन्यांत टाटा कराचीहून इंग्लंडकडे निघाले होते आणि अस्पी इंजिनियर हा कोंवळा तरुण इंग्लंडहून कराचीकडे येत होता. मिसर देशांत अलेक्झांड्रियाजवळ अबुकीर येथें दोघांची गांठ पडली. अस्पीचें विमान स्पार्क प्लग नसल्यामुळें अडून पडलें आहे असें कळतांच टाटांनीं आपल्याजवळचे प्लग त्यास दिले. बक्षीस अस्पीनें जिंकलें. हेच अस्पी इंजिनियर पुढें १९६० सालीं भारतीय वायुदलाचे प्रमुख झाले. प्रतिस्पर्ध्यास साहित्य द्यावें असा नियम शर्यतीच्या कोणत्याहि कलमांत नव्हता. विमान ज्याचें अडलें त्यास सोडवावें, ही क्लबांत लागलेली वृत्ति तेथें दिसून येते.

४. टपालाचें विमान आणि मैदानाची विद्या

१५ ऑक्टोबर १९३२ रोजीं कराचीच्या ड्रिग रोड येथून निघालेलें पस मॉथ जातीचें विमान अहमदाबादेस पेट्रोल घेऊन जुहूस उतरलें. चालक स्वतः टाटा. बरोबर टपालाच्या पिशव्या. जुहूहून पुढें नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं दुसऱ्या विमानानें बल्लारीमार्गें मद्रासेस टपाल नेलें. ह्या योजनेची मूळ कल्पना व्हिन्सेंट यांची. ते पूर्वीं इंग्रजांच्या हवाईदलांत होते. पहिल्या वर्षांत ह्या सेवेनें १,६०,००० मैल उड्डाण केलें आणि १५५ उतारू नेले. आंकडे लहान आहेत, परंतु त्यांमागें दोन विमानें व बोटांवर मोजण्याइतके वैमानिक आणि यांत्रिक होते हें ध्यानांत घेतलें म्हणजे ते लहान वाटत नाहींत.

आमच्या विषयाच्या दृष्टीनें यांतील महत्त्वाची बाब निराळीच आहे. जुहूचें मैदान म्हणजे समुद्राकांठची चिखलवट. पावसाळा लागला कीं तें पाण्याखालीं जाई, आणि टाटांची सर्व मंडळी विमानें, हत्यारें व सामानसुमान उचलून पुण्यास जात. तेथें येरवड्याच्या तुरुंगाजवळील एका मैदानावरून पावसाळ्याचे महिने काम चाले. म्हणजे ‘ही जमीन चार महिने वापरूं नये’ हें ज्ञान प्रथम प्रत्यक्ष भोगून मिळालें. त्यावरून योजना बसली आणि सेवा अखंड राहिली. येथें शोध करणारा, शोध सांगणारा व शोधाप्रमाणें वागणारा असे तीन निराळे मनुष्य नव्हतेच. एकाच माणसाच्या ठिकाणीं तीनहि भूमिका होत्या. म्हणून दूताची गरज भासली नाहीं. लहान संस्थेंत असें होऊं शकतें. संस्था वाढली, शोध करणारे एका इमारतींत व वागणारे दुसऱ्या इमारतींत बसूं लागले, म्हणजे मधल्या अंतराचा प्रश्न उभा राहतो. पुढील तीन कलमांत त्याचेच दाखले आहेत.

५. दोन चुकलेलीं विमानें

दुसऱ्या महायुद्धांत सांताक्रूझ येथें इंग्रजांच्या हवाईदलाचा तळ झाला. युद्धानंतर तो नागरी कामाकरितां घेण्यांत आला, आणि १९४८ च्या सुमारास मोठ्या विमानांची वाहतूक जुहूहून तेथें गेली. जुहू बंद मात्र पडला नाहीं. लहान विमानें व क्लबाचें शिक्षण तेथें चालूच राहिलें. याप्रमाणें एका गांवाच्या दोन बाजूंस, एकाच दिशेच्या, पण अगदीं निरनिराळ्या लांबीच्या दोन धावपट्ट्या एकाच वेळीं चालत्या राहिल्या.

त्याचा परिणाम १९५३ सालीं दिसला. त्या वर्षीं १५ जुलै रोजीं ब्रिटिश ओव्हरसीज एअरवेज कॉर्पोरेशनचें कॉमेट जातीचें विमान सांताक्रूझ समजून जुहूस उतरलें. जेट यंत्रावर उतारू नेणारें हें जगांतील पहिलें विमान. तें जुहूच्या तोकड्या पट्टीवर येऊन थांबलें हेंच नशीब. तें तेथून बाहेर काढण्यास नऊ दिवस लागले. एकदां अशी चूक झाल्यावर ती पुन्हां होणार नाहीं असें कोणासहि वाटेल. परंतु एकोणीस वर्षांनीं, २४ सप्टेंबर १९७२ रोजीं, जपान एअर लाइन्सचें डी. सी. ८ जातीचें विमान याच रीतीनें सांताक्रूझऐवजीं जुहूस उतरलें. ह्या खेपेस तें पट्टीच्या बाहेर गेलें व निकामी झालें. सुदैवानें प्राणहानि झाली नाहीं.

दुसऱ्या प्रसंगीं कोणाचा किती दोष होता हें ठरविण्याचें काम आमचें नव्हे. इतिहासाच्या दृष्टीनें नोंदविण्यासारखी गोष्ट अशी कीं, दोन विमानतळ एकमेकांसारखे दिसतात हें ज्ञान १९५३ सालीं मुंबईस निश्चितपणें होतें. पार्ल्यांतील शाळकरी मुलाससुद्धां जुहूस उभें असलेलें कॉमेट ठाऊक असणार. मुंबईच्या नेहमींच्या वैमानिकांस तर तें सांगण्याचीहि गरज नव्हती. गरज होती ती परदेशांतून वर्षांत एखाददुसऱ्या खेपेस येणाऱ्या वैमानिकास. आणि स्थानिक जाणकार व दूरचा वैमानिक यांची एरवीं कधीं गांठ पडत नाहीं. जेथें ज्ञान साठलेलें असतें तेथें त्याची निकड नसते, आणि जेथें निकड असते तेथें तें पोंचलेलें नसतें, असा हा प्रकार आहे.

६. घारी, गिधाडें आणि एक हौशी मंडळ

आतां ज्या दाखल्यांत दूताचें काम बऱ्याच अंशीं झालें असा एक घेऊं. बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ सालीं आठ गृहस्थांनीं स्थापन केली. त्यांत दोन हिंदी होते व दोघेहि आपले मराठी डॉक्टर : आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन. पैकीं आत्माराम पांडुरंग हे प्रार्थनासमाजाच्या संस्थापकांत गणले जातात. आपापला उद्योग सांभाळून फावल्या वेळांत पशु, पक्षी व वनस्पति यांची टिपणें करावीं व एकमेकांस दाखवावीं, एवढाच त्या वेळीं हेतु होता. विमान हा शब्दहि तेव्हां पुराणांतला होता.

शंभर वर्षांनीं ह्या हौशी टिपणांस अनपेक्षित उपयोग सांपडला. विमानाच्या यंत्रांत पक्षी शिरला तर यंत्र बंद पडतें. मोठी घार किंवा गिधाड आदळलें तर विमान पडूंहि शकतें. १९८० नंतरच्या दशकांत ह्या सोसायटीनें देशांतील विमानतळांवरील पक्ष्यांच्या धोक्याचा पद्धतशीर अभ्यास केला. त्याचा निष्कर्ष थोडक्यांत असा कीं, पक्षी विमानासाठीं येत नाहींत, अन्नासाठीं येतात. उघड्यावर टाकलेली घाण, कत्तलखान्याचे अवशेष, मेलेलीं जनावरें, धावपट्टीच्या कडेच्या गवतांतील किडे व पावसाचें सांचलेलें पाणी हींच त्यांचीं आमंत्रणें होत. तेव्हां बंदुकीचे बार काढण्यापेक्षां अन्न दूर करावें. १९३७ च्या विमान नियमांतील ९१ व्या नियमानें विमानतळाभोंवतीं दहा किलोमीटरांत उघड्यावर जनावरें कापण्यास व घाण टाकण्यास बंदी केलेली होती. पण नियम कां केला हें खाटकास, भंगीकामाच्या मुकादमास आणि गवत कापणाऱ्या मजुरास समजल्यावांचून तो पाळला जात नाहीं.

अभ्यास करणारे संशोधक वेतन घेत असत, हें येथें स्पष्ट केलें पाहिजे. त्यांस बिनपगारी म्हणणें सत्यास धरून होणार नाहीं. परंतु ज्या संस्थेच्या पायावर ते उभे होते ती हौशी सभासदांची, आणि कोणता पक्षी कोठें व कोणत्या ऋतूंत दिसतो याची जुनी नोंद अशा सभासदांनींच घालून ठेविलेली. छंद म्हणून जमविलेला कागद केव्हां कोणाच्या जिवाच्या कामीं येईल हें जमविणारास ठाऊक नसतें. आपल्या मंडळींनीं हा दाखला विसरूं नये.

७. पावसाची नोंद व न पोंचलेला अहवाल

तिसरा दाखला दुःखाचा आहे. मुंबईंत पावसाची मोजणी करणाऱ्या दोन मुख्य वेधशाळा : कुलाब्याची, जिचा आरंभ १८२६ पर्यंत मागें जातो, आणि सांताक्रूझची, जी विमानतळाशीं निगडित आहे. २६ जुलै २००५ रोजीं सकाळीं सुरू झालेल्या चोवीस तासांत सांताक्रूझ येथें ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच चोवीस तासांत कुलाब्यास सुमारें ७३ मिलिमीटर पडला. एकाच शहराच्या दोन टोंकांची ही नोंद शेजारीं शेजारीं ठेवली म्हणजे, दक्षिणेकडील कचेरींत बसलेल्या मनुष्यास उपनगरांत काय चाललें आहे याची कल्पना कां आली नसावी, हें आपोआप समजतें. शेंकडों माणसें मेलीं. विमानतळ बंद पडला. मिठी नदीच्या कांठची वस्ती बुडाली.

मिठी ही नदी विहार व पवई या तलावांच्या बाजूनें येऊन माहीमच्या खाडीस मिळते. सांताक्रूझच्या विमानतळाचा विस्तार करतांना तिला वळसे घालावे लागले आणि धावपट्टीखालून वाट द्यावी लागली. नदीला असें वांकविल्यास काय होतें हें शास्त्रज्ञांस ठाऊक नव्हतें असें नाहीं. इतकेंच नव्हे, तर शहराच्या पर्जन्यजलवाहिन्यांचा विस्तृत अभ्यास पूर्वींच होऊन ‘ब्रिमस्टोवॅड’ या नांवानें त्याचा अहवाल १९९३ सालीं सादर झाला होता. जुनी गटारें तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबानें बांधलेलीं आहेत. तो हिशेब ५० मिलिमीटरांचा धरावा, अशी त्यांत शिफारस होती. बारा वर्षांनीं पूर आला तेव्हां त्या शिफारशींपैकीं बहुतेक कामें व्हावयाचीच होतीं. ९४४ मिलिमीटर पावसापुढें तीं कामें पुरीं पडलीं असतीं असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु अहवाल कपाटांत असणें आणि तो शहराच्या अंगवळणीं पडणें यांत बारा वर्षांचें अंतर राहिलें, ही गोष्ट नाकारतां येत नाहीं.

पुरानंतर महाराष्ट्र सरकारनें माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालीं सत्यशोधन समिति नेमली. चितळे हे जलशास्त्रांतील मोठे अधिकारी. १९९३ सालचें स्टॉकहोम जलपारितोषिक त्यांस मिळालें होतें. समितीचा अहवाल २००६ सालीं आला. नदीची रुंदी व खोली, विमानतळाखालील तिची वाट, पाऊस मोजण्याचीं केंद्रें वाढविण्याची आवश्यकता, असे अनेक विषय त्यांत आले आहेत. जुहूच्या चिखलवटीची गोष्ट वेगळी व मिठीच्या कांठाची वेगळी, हें खरें. पण टपालसेवेच्या त्या काळीं पावसाळ्यापूर्वीं सामान बांधून पुण्यास जाणारी मूठभर मंडळी ज्या एका सत्याप्रमाणें वागत होती, कीं ह्या किनाऱ्यावर जमिनीचा धनी पावसाळा आहे, तें सत्य सत्तर वर्षांनीं एका मोठ्या शहरास नव्यानें शिकावें लागलें.

८. अमेरिकेंतील दूतांची योजना

मधलें हें अंतर तोडण्यासाठीं मुद्दाम माणसें नेमावीं, असा विचार अमेरिकेंत झाला. त्याची हकीकत येथें देणें उपयुक्त आहे. त्या देशांत विमानतळ हे बहुधा शहरांच्या व परगण्यांच्या मालकीचे. लहान विमानतळावर दोनचार माणसेंच सर्व कारभार पाहतात. प्रत्येकानें आपापला शोध करावा हें शक्य नाहीं. म्हणून २००३ सालच्या विमानविषयक कायद्यानें ‘एअरपोर्ट कोऑपरेटिव्ह रिसर्च प्रोग्राम’ या नांवाची सामायिक संशोधनाची योजना मंजूर केली व २००५ पासून ती चालू झाली. पैसा मध्यवर्ती विमानखात्याचा. व्यवस्था तेथील राष्ट्रीय विद्वत्परिषदांच्या वाहतूक संशोधन मंडळाची. रस्त्यांसाठीं अशीच योजना १९६२ पासून होती. तिचा हा धाकटा भाऊ म्हणावयास हरकत नाहीं.

योजनेची रचना लक्षांत घेण्यासारखी आहे. प्रश्न सुचविण्याचा अधिकार कोणासहि. निवडलेल्या प्रश्नावर देखरेख करण्यास त्या धंद्यांतील जाणत्यांची समिति. तिचे सभासद बिनपगारी. संशोधन ठेक्यानें करून घ्यावयाचें. निघालेले ग्रंथ सर्वांस विनामूल्य खुले. ह्या मालिकेंत २०१२ सालीं हवामानबदलापुढें विमानतळांनीं कसा टिकाव धरावा यावर, आणि २०१५ सालीं त्याच विषयांतील धोका कसा मोजावा यावर स्वतंत्र पुस्तकें निघालीं. लहान विमानतळांवरील पशुपक्ष्यांच्या उपद्रवावर २०१० सालीं एक मार्गदर्शिका निघाली. आमच्या सहाव्या व सातव्या कलमांतील विषय तेथेंहि तसेच्या तसे उभे राहिले, हें वाचकांच्या ध्यानांत येईल.

परंतु पुस्तक विनामूल्य ठेवलें म्हणजे वाचलें जातें असें नाहीं. विमानतळाचा व्यवस्थापक पहांटे धावपट्टी पाहतो, दुपारीं ठेकेदाराशीं भांडतो आणि संध्याकाळीं हिशेब लिहितो; शेंदीडशें पानांचा ग्रंथ शोधण्यास त्यास फुरसत कोठली? म्हणून योजनेनें धंद्यांतील अनुभवी माणसांतून स्वयंसेवक घेतले व त्यांस ‘अँबॅसेडर’, म्हणजे दूत, असेंच नांव दिलें. विमानतळवाल्यांच्या परिषदा भरतात तेथें जावें, कोणाची अडचण काय आहे ती ऐकावी, तिच्यावर कोणतें पुस्तक निघालें आहे तें सांगावें, आणि ज्या अडचणीवर पुस्तकच नाहीं ती परत येऊन कळवावी, असें त्यांचें काम. शेवटचा भाग आम्हांस विशेष मोलाचा वाटतो. दूत नुसता निरोप नेत नाहीं, उत्तरहि आणतो; आणि ऐकणाराच्या धंद्यांतलाच असल्यामुळें त्याचा शब्द परका वाटत नाहीं.

९. दूत व भाट यांतील भेद

स्वयंसेवा झाली म्हणजे ती आपोआप हितकर होते असेंहि समजूं नये. विमानविद्येच्या नांवानें आपल्याकडे दुसऱ्याहि एका प्रकारचे बिनपगारी प्रचारक झाले आहेत. शिवकर बापूजी तळपदे यांनीं १८९५ सालीं गिरगांव चौपाटीवर विमान उडविलें, ही कथा मुंबईंत अनेक वर्षें सांगितली जाते. तिला समकालीन व तपासून पाहण्याजोगा कागद मात्र पुढें आलेला नाहीं. ‘वैमानिक शास्त्र’ या संस्कृत ग्रंथाची कथाहि तशीच. हा ग्रंथ सुब्बराय शास्त्री यांनीं १९१८ ते १९२३ या काळांत सांगून लिहविला, आणि भरद्वाज ऋषींच्या नांवावर प्रसृत झाला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील पांच संशोधकांनीं १९७४ सालीं त्याची परीक्षा केली. भाषा व इतर अंतःप्रमाणें पाहतां ग्रंथ १९०४ च्या मागें जात नाहीं, आणि त्यांत वर्णिलेलीं विमानें उडणें शक्य नाहीं, असा निर्णय त्यांनीं दिला. तरीसुद्धां १९७४ नंतरहि ह्या ग्रंथाचा डंका वाजत राहिला, व जानेवारी २०१५ मध्यें मुंबई विद्यापीठांत भरलेल्या विज्ञान परिषदेंतहि तो वाजला.

तळपदे यांची जिज्ञासा खोटी होती असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. हस्तलिखितांचा शोध करणारांस यांतून एक जुनाच नियम पुन्हां मिळतो : ग्रंथाचें नांव मोठें असलें तरी त्याची प्रत कोणाची, केव्हांची, कोणत्या कागदावर, व कोणाच्या हातून आली, हें विचारल्यावांचून त्यास साधन म्हणूं नये. दूत तपासलेली गोष्ट नेतो व ‘कोठें तपासली’ हें विचारल्यास दाखवितो. भाट आपल्या आवडीची गोष्ट नेतो व विचारणारावर रागावतो. बिनपगारी दोघेहि असतात.

१०. आमची विनंति

आपल्या धंद्यांतील थोर पुरुषांकडे पाहिलें असतां हा भेद व ही वृत्ति आपणांस परकी नाहीं. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालिकेचा पहिला खंड १८९८ सालीं काढला, आणि १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन होण्यांत त्यांचा पुढाकार होता. गांवोगांव पायीं फिरून, वाड्यांच्या तळघरांतले कागद विनवण्या करून मिळवावे, उतरावे व छापावे, हें त्यांचें आयुष्य. ते कागद लपलेल्या जागेंतून वाचकांपर्यंत आणीत. वर वर्णिलेले दूत छापलेलें ज्ञान वाचकांपासून कामकऱ्यापर्यंत नेतात. रस्ता एकच आहे, त्याचे दोन टप्पे आहेत. पहिला टप्पा आपण पुष्कळ अंशीं चाललों. दुसऱ्याकडे आपलें लक्ष कमी गेलें.

विलेपार्लें, सांताक्रूझ, अंधेरी व जुहू येथील जुन्या कुटुंबांत विमानतळाशीं संबंध आलेलीं माणसें घरोघर आहेत : यांत्रिक, वेधशाळेंतील निरीक्षक, बिनतारी खात्यांतील नोकर, टपालवाले, क्लबाचे विद्यार्थी, पक्षी टिपणारे छंदी गृहस्थ. त्यांच्याजवळ उड्डाणाच्या नोंदवह्या, पाळीच्या डायऱ्या, धावपट्टीचे हातानें काढलेले नकाशे, व्याख्यानांचीं टिपणें, १९५३ किंवा १९७२ सालीं जुहूस उभ्या राहिलेल्या विमानांचीं छायाचित्रें, पुराच्या रात्रीं लिहिलेलीं पत्रें असूं शकतात. सरकारी दप्तर कोणीतरी जपेल. हे कागद कोणाचेच नाहींत. आमच्या वाचकांपैकीं जे संग्राहक आहेत त्यांनीं मोडी रुमाल शोधतांना ह्या वह्यांकडेहि नजर टाकावी. कागद मिळाल्यास तो कोणाकडून, कोणत्या तारखेस व कोणत्या स्थितींत मिळाला याचें टिपण त्याजबरोबर ठेवावें; मूळ प्रत धन्यास परत करावयाची झाल्यास नक्कल करून घ्यावी; आणि ज्यांस अद्याप बोलतां येतें अशा वृद्धांची हकीकत त्यांच्याच शब्दांत उतरून तिच्यावर तारीख घालावी.

एवढें करून थांबूं नये, अशी आमची दुसरी विनंति. पावसाची, भरतीची, नदीच्या जुन्या पात्राची किंवा पक्ष्यांच्या थव्यांची नोंद ज्या कागदांत निघेल तो ग्रंथालयांत जमा करून स्वस्थ न बसतां, त्याची एक नक्कल ज्यास त्याचा उपयोग आहे अशा अभियंत्याकडे, वेधशाळेकडे किंवा विमानतळाच्या कचेरीकडे स्वतः घेऊन जावी, व त्यांत काय आहे तें दोन शब्दांत सांगावें. ह्या कामास वेतन नाहीं व पावतीहि बहुधा मिळणार नाहीं. १९९३ चा अहवाल बारा वर्षें कोठें होता, हें आठवलें म्हणजे तें कां करावें हें निराळें सांगण्याची गरज राहत नाहीं.